अकरा चिमटे

भुतांवर माझा विश्वास नाही. चौतीस वर्षं आठवी-नववीला गणित शिकवलंय मी, आणि जे सिद्ध करता येत नाही ते कुणाला वहीत लिहू दिलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून म्हातारी चळली असं तुम्ही म्हणणार. म्हणा, पण शेवटपर्यंत ऐकून म्हणा. उत्तराची घाई करणाऱ्या मुलांचे मी मार्क कापायचे.

मी मंदाकिनी. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. समोरचं दार रझियाचं. ती आमच्याच शाळेत मराठी शिकवायची. मुख्याध्यापक नोटीस लावायच्या आधी तिच्याकडून तपासून घेत, आणि ती त्यांनाही सोडत नसे. आम्ही दोघी एकाच वर्षी निवृत्त झालो, दोन वर्षांच्या अंतराने विधवा झालो, आणि सोळा वर्षं रोज चार वाजता एकत्र चहा प्यायलो. चहा तिच्याकडेच, कारण माझा चहा म्हणजे तिच्या मते ‘गरम पाण्याची कैफियत’ असायचा.

कधीकधी मी चारला गेले की तिच्या ओट्यावर दोन कप धुऊन पालथे घातलेले असायचे, अजून ओले. मी विचारायचे, “कोण आलं होतं गं?”

“आली होती एक बाई. फार बोलते,” असं म्हणून ती पुन्हा आधण ठेवायची.

मला राग यायचा. कोण ही बाई, माझ्या वेळेच्या आधी येऊन चहा पिऊन जाणारी? पण विचारायला गेलं की ही हसायची, सांगायची नाही.

रझियाचा खरा जीव ऑर्किडांमध्ये होता. काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत अकरा कुंड्या. कुंड्या कसल्या, आरपार दिसणारी प्लास्टिकची भांडी. आत माती नाही, नुसते झाडाच्या सालीचे तुकडे आणि कोळसा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं, “ही झाडं आहेत की शेगडीची तयारी?” तिने मला खाली बसवून शिकवलं. मुळं पांढुरकी दिसली की झाड तहानलेलं. हिरवी दिसली की पोट भरलेलं. शंका आली तर कुंडी उचलायची. हलकी लागली तर पाणी, जड लागली तर गपचूप खाली ठेवायची. “हे गणितापेक्षा सोपं आहे,” ती म्हणाली, “म्हणून तुला जड जाईल.”

दिवाळी झाली आणि रझिया लेकीच्या बाळंतपणासाठी टोरोंटोला निघाली, सहा महिन्यांसाठी. किल्ली अर्थातच माझ्याकडे. जायच्या आदल्या दिवशी घरात शिरले तर बाल्कनीभर चिठ्ठ्या. पुण्यात दारावर पाट्या लावतात, हिने झाडांवर लावल्या होत्या.

‘पाणी सकाळीच घालावे. दुपारी आठवण झाल्यास दुसऱ्या दिवशीही सकाळ असते.’

‘टँकरचे पाणी घालू नये. स्वतः एक ग्लास पिऊन पाहावे, मग झाडाकडे बघावे.’

‘कुंडी बादलीत काठापर्यंत दहा मिनिटे बुडवावी. मग पूर्ण निथळू द्यावी. अकराव्या मिनिटाला माया म्हणत नाहीत.’

‘पानांच्या मधल्या खळग्यात पाणी पडल्यास कापसाने टिपावे. फुंकर मारू नये, तो चहा नाही.’

आणि दाराशेजारी मोठ्या अक्षरांत: ‘ऑर्किडे पाण्यावाचून मरत नाहीत, फार पाण्याने मरतात. हे वाक्य दोनदा वाचावे.’

एवढ्यावर थांबली असती तर ठीक होतं. पण तिने कुंड्यांच्या वर एक दोरी बांधली होती, आणि प्रत्येक कुंडीच्या काठाला कपडे वाळत घालायचा एकेक चिमटा. अकरा कुंड्या, अकरा लाल चिमटे, तुळशीबागेतून खास आणलेले. म्हणाली, “पाणी घातलंस की चिमटा काढून दोरीला लावायचा. मुळं पांढरी झाली की परत कुंडीला. चिमटा दोरीवर असेल तर पाणी नाही. काहीही झालं तरी नाही.”

“हे काय बालवाडीचं चाललंय?” मी म्हटलं.

“तुझ्यासाठी नाही गं. झाडांना बरं वाटतं.”

मला ते झोंबलं. चौतीस वर्षं साठ-साठ पोरांची हजेरी तोंडपाठ असलेली बाई मी, मला चिमटे? तिची टॅक्सी गल्लीच्या वळणाला गेली नसेल तोवर मी अकराही चिमटे काढले आणि माझ्या दोरीला लावून टाकले. परकर वाऱ्यावर जात होते, तेवढाच उपयोग.

आता यात माझं काय पणाला लागलं होतं तेही सांगते. माझा मुलगा श्याम बाणेरला राहतो, चौदाव्या मजल्यावर. गेलं वर्षभर त्याने एकच धोशा लावला होता: आई, आता एकटी राहू नकोस, आमच्याकडे चल. कारण काय, तर एकदा गॅसवर दूध राहिलं. एकदा गीझर रात्रभर चालू. एकदा मंडईतून येताना मी रिक्षावाल्याला आमच्या जुन्या भाड्याच्या घराचा पत्ता दिला, जे घर सोडून आम्हाला सत्तावीस वर्षं झाली. कुणाच्याही हातून होतं! पण श्यामने ते सगळं तारीखवार लक्षात ठेवलेलं. मी म्हटलं, “चौदाव्या मजल्यावर मी काय करू, कबुतरं मोजू? हे माझं घर आहे. इथून मी माझ्या पायांनी जाणार नाही.”

शेवटी मीच त्याला म्हटलं, “समोरची अकरा झाडं रझिया परत येईपर्यंत जगवून दाखवते. जगली तर हा विषय कायमचा बंद.”

“आणि नाही जगली तर?”

“तर तू म्हणशील तिथे येईन.”

“मोजून अकरा हं, आई,” तो म्हणाला. गणिताच्या बाईचा मुलगा.

दोन महिने झकास गेले. रविवारी सकाळी नऊला मी बादली भरायची, एकेक कुंडी बुडवायची, घड्याळ लावून दहा मिनिटं. बाकीचे दिवस नुसतं जाऊन बघायचं. नंतर रझिया फोनवर दिसायची. मी फोन कुंड्यांवरून फिरवायचे आणि ती टोरोंटोहून खेकसायची, “जवळ ने! मुळं दाखव, तुझा अंगठा नको!” मोठ्या जांभळ्या ऑर्किडाला दांडा फुटला, त्यावर सात कळ्या धरल्या. रझिया म्हणाली, मी येईपर्यंत उमलू देऊ नकोस. जणू माझ्या हातात होतं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्या लेकीचा फोन आला. अम्मी झोपेतच गेली. दफन तिकडेच केलं. एप्रिलमध्ये येऊन ती घर आवरणार होती. “झाडं तुम्हीच ठेवा मावशी,” ती म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला धीर दिला, बाळाची चौकशी केली, फोन ठेवला आणि समोरचं दार उघडून बाल्कनीत जमिनीवर बसले. मला रडू येईना. मला राग आला होता. सांगून न जाणारी बाई ती नव्हती, आणि गेली.

पहिल्यांदा ते घडलं त्यानंतर दहाएक दिवसांनी.

रविवारी मी पाणी घातलं होतं. बुधवारी सकाळी गेले, सहज म्हणून एक कुंडी उचलली. जड. दुसरी उचलली, तीही जड. अकराच्या अकरा जड, मुळं हिरवीगार, आणि खालच्या बशांमध्ये पाणी साचलेलं. न्हाणीघरात बादली ओली होती. घराला एकच किल्ली, ती माझ्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. लॅच मी स्वतः ओढलेलं. खिडक्यांना गज.

मग माझं लक्ष जांभळ्याकडे गेलं. पानांच्या मधल्या खळग्यात कापसाचा बारीक पीळ ठेवलेला होता. रझिया ठेवायची तसाच.

मी किंचाळले नाही. दार ओढून घेऊन घरी आले आणि पंखा लावून बसले, जानेवारीत.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग आठवड्यातून दोनदा, तीनदा. सकाळी बघावं तर कुंड्या ओल्या. एकदा तर चारच्या सुमाराला मी चहाला आधण ठेवलं आणि सहज किल्लीला हात लागला. किल्ली ओली होती. बाकी खिळे कोरडे, किल्ली ओली. मी हात पदराला पुसला आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. आधण आटून गेलं.

जे व्हायचं ते दुपारीच होत असणार, हा हिशोब मी मांडला. एक ते चार ही आमच्याकडची झोपायची वेळ. त्या वेळात कोथरूडमध्ये कुणी बेल वाजवली तर आम्ही त्याला माणसात धरत नाही. जिना रिकामा, लिफ्ट गप्प, वॉचमनसुद्धा खुर्चीत डुलतो. यायचंच असेल तर रझिया हीच वेळ निवडणार. रात्री-अपरात्री येऊन लोकांना घाबरवणं तिला शोभलं नसतं.

बघा, कशी सरकत गेले मी. आधी घाबरले, मग हिशोब मांडला, आणि मग मला बरं वाटायला लागलं. खरंच सांगते, बरं वाटायला लागलं. दुपारी आडवी होताना वाटायचं, आता ती समोर येईल, बादली भरेल, कुंड्या उचलून बघेल, ‘काय ही मंदा’ म्हणून कपाळाला हात लावेल. चार वाजता मी दोन कप भरायला लागले. एक माझ्यासमोर, एक रिकाम्या खुर्चीसमोर. “अगं, मी घालते की पाणी,” मी तिला म्हणायचे. “एवढा अविश्वास? मेलीस तरी खोड जाईना तुझी.” तिचा चहा गार व्हायचा आणि मी तो पिऊन टाकायचे. टाकून देणं आम्हा दोघींनाही कधी जमलं नाही.

श्यामला यातलं अवाक्षर सांगितलं नाही. भुताची गोष्ट सांगितली असती तर तो त्याच संध्याकाळी टेम्पो घेऊन आला असता. दर रविवारी तो विचारायचा, “किती झाडं, आई?”

“अकरा.”

फेब्रुवारीच्या मध्यावर ते उत्तर खोटं झालं. आधी एका कुंडीतली खालची पानं पिवळी पडली. मग दुसरीचं बूड काळं पडलं आणि हात लावताच पान सुटून हातात आलं. जांभळ्याच्या कळ्या एकेक करून गळायला लागल्या, न उमलता. बाल्कनीत कुजका वास यायला लागला. मी पाणी एकदम बंद केलं, रविवारचंही. तरी बुधवारी कुंड्या ओल्याच.

“बास कर!” मी त्या रिकाम्या घरात ओरडले. “रझिया, बास! अगं, मारतेयस तू त्यांना!”

आणि माझंच बोलणं माझ्या कानांवर पडलं, तशी मी तिथेच थांबले. समोर तिची ती मोठी चिठ्ठी होती. फार पाण्याने मरतात. दोनदा वाचावे.

रझिया मेली असेल. भूत होऊन आलीही असेल, एक वेळ मानू. पण रझिया ऑर्किडाला जास्त पाणी घालणार नाही. जिवंतपणी नाही, मेल्यावर नाही, कयामतीच्या दिवशीसुद्धा नाही. दुपारी तर मुळीच घालणार नाही. बशीत पाणी साचू देणार नाही. हे जे कुणी होतं, त्याला ऑर्किडांचं फक्त अर्धवट, शिकवलेलं ज्ञान होतं.

म्हणजे ती नव्हती. एवढं सिद्ध झालं. मग कोण?

मी नऊ वर्षांची असताना माझे वडील गेले. तेव्हा आत्याने ते गेले त्या जागी दिवा लावला, खाली पीठ पसरलं आणि वर टोपली झाकली. गेलेल्याचं पाऊल पिठावर उमटतं म्हणे, म्हणजे तो कुठल्या जन्माला गेला ते कळतं. सकाळी टोपली उचलून आत्या म्हणाली, चिमणीचं पाऊल आहे. सगळ्या बायका हो हो म्हणाल्या. मला नुसतं पीठ दिसलं होतं, आणि तेव्हापासून मला या असल्या गोष्टींचा राग आहे.

तरी त्या दिवशी जेवण झाल्यावर मी तांदळाची पिठी घेतली आणि रझियाच्या घरात, न्हाणीघरापासून बाल्कनीपर्यंतच्या वाटेवर, गाळणीने पातळ थर पसरला. कुणीही बादली घेऊन जाणार तर त्यावरूनच जाणार. दार ओढलं. किल्ली खिळ्याला लावली. घरी येऊन आडवी झाले. झोपायचं नाही असं ठरवलं होतं, पण डोळा लागला.

जाग आली तेव्हा चार वाजून गेले होते. मी उठून बसले, पाय खाली सोडले आणि तसेच वर ओढले.

आमच्या घरात काळी शहाबादी फरशी आहे. त्या फरशीवर पांढरी पावलं उमटली होती. दारापासून सुरू झालेली, हॉलमधून आलेली, स्वयंपाकघरात खिळ्यापाशी थांबलेली आणि तिथून सरळ माझ्या पलंगापर्यंत. परत जाणारं एकही पाऊल नव्हतं.

ती आली होती. समोरचं घर सोडून आज माझ्याकडे आली होती, माझ्या उशाशी. मला भीती वाटली हे खरं, पण त्याच्याआधी आनंद झाला. “रझिया,” मी हाक मारली. “आलीस होय? बस.”

पंखा फिरत होता. मी वाकून जवळचं पाऊल बघितलं.

माझ्या डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं आहे, लहानपणापासून. रझिया चिडवायची, तुझ्या पायात एक बोट बाकावर उभं केलंय म्हणून. फरशीवरच्या डाव्या पावलाला अंगठ्याच्या शेजारी एक मोकळी जागा होती. प्रत्येक डाव्या पावलाला.

मी माझा पाय हळूच त्या पावलावर ठेवला. बरोबर बसला. मग पाय उचलून तळवा बघितला. पांढरा होता. बोटांच्या बेचक्यांत पिठीची ओली कणिक झाली होती. पदराला बोटभर ओल होती.

किती वेळ तशी बसले, माहीत नाही. ‘माहीत नाही’ हे दोन शब्द मी आयुष्यात फार कमी वापरले होते. मी उठले होते, किल्ली घेतली होती, दार उघडलं होतं, बादली भरली होती, कुंड्या बुडवल्या होत्या, कापसाचा पीळसुद्धा केला होता. परत येऊन झोपले होते. आणि त्यातलं काही म्हणजे काहीही माझ्या डोक्यात नव्हतं. दुपारी माझ्यातलीच कुणीतरी उठून जात होती, आणि मला तिची ओळखसुद्धा नव्हती. भूत असतं तर किती बरं झालं असतं हो. भुताला घाबरून माणूस निदान दार तरी लावून घेतं.

समोर गेले. पिठीच्या थरावर माझी पावलं होती, जाताना कोरडी, येताना ओली. कुंड्या निथळत होत्या. एव्हाना नऊ झाडं गेलेली होती. दोनात जीव होता, एक छोटं पांढरं आणि ते मोठं जांभळं, दांडा वाळलेला, पण बुडाशी दोन मुळं अजून टणक.

वर नुसती दोरी होती, चिमट्यांविना. मी तिच्याकडे बघत राहिले आणि मग मला ते ओट्यावरचे दोन ओले कप आठवले.

आली होती एक बाई. फार बोलते.

ती बाई मीच होते. मी तीनला येऊन चहा पिऊन जात होते आणि चारला पुन्हा येत होते. आणि रझिया, जी मुख्याध्यापकांची चूक चारचौघांत काढायची, ती एका शब्दाने मला न दुखावता पुन्हा आधण ठेवत होती. मला बोलली नाही. श्यामला सांगितलं नाही. जाताना फक्त अकरा चिमटे लावून गेली, आणि मी ते परकरांना लावले. तेव्हा मला रडू आलं. महिनाभर अडलेलं सगळं बाहेर आलं. तिच्या बाल्कनीत, त्या कुजक्या वासात, मी मोठमोठ्याने रडले.

पण आता लबाडीही सांगते, लपवत नाही. त्याच संध्याकाळी मी मांजरी गावच्या बजरंगला फोन केला. तो रोपवाटिका चालवतो, रझियाने निम्मी झाडं त्याच्याकडूनच आणली होती. “हायती की बाई,” तो म्हणाला. “नऊ पायजेत? जांभळी, पांढरी, फुलांसकट हायती. उद्या टेम्पोत टाकून देतो.” श्यामला ऑर्किड आणि कोबी यांतला फरक कळत नाही. रझिया बघायला येणार नव्हती. नऊ नवी कुंड्यांत बसवली की अकरा. विषय कायमचा बंद. माझं घर माझ्याकडे.

मी “बरं” म्हटलं आणि फोन ठेवला. मग फरशी पुसायला घेतली. दारापासून पलंगापर्यंत. पुसता पुसता त्या डाव्या पावलापाशी आले आणि हात चालेना. उद्या ही बाई उठून पाण्याच्या बादलीऐवजी गॅसकडे गेली तर? नवी नऊ झाडं काय, ती पुन्हा महिन्याभरात मारेल. आणि मी पुन्हा म्हणेन, रझिया आली होती.

बजरंगला नको म्हणून कळवलं. माझ्या दोरीवरचे चिमटे काढले. दोन रझियाच्या दोरीला लावले, नऊ डब्यात. आणि श्यामला फोन केला.

“किती झाडं, आई?” त्याने सवयीने विचारलं.

“दोन. तू जिंकलास. ये रविवारी, आणि येताना रिकामी खोकी आण.”

“आई, तसं नाही गं…” तो म्हणाला.

“तसंच आहे. मला फोनवर सांगता येणार नाही. ये.”

शनिवारी मुळं पांढुरकी दिसली, तेव्हा मी दोन्ही चिमटे दोरीवरून काढून कुंड्यांना लावले. रविवारी तो आला. त्याला समोरच्या बाल्कनीत नेलं, पिठी दाखवली, पावलं दाखवली. मी ती तशीच ठेवली होती, सिद्धता म्हणून. सगळं पहिल्यापासून सांगितलं, दोन कपांसकट. ऐकताना त्याचा चेहरा इतका लहान झाला की मला तो दुसरीतला वाटला. त्याने डोळे पुसले, आणि पुरुष करतात तसं, काहीतरी करायला घेतलं. पांढऱ्याची कुंडी उचलली.

“आई, याला पाणी घालू? बाणेरला न्यायच्या आधी?”

मी होच म्हणणार होते. रविवार होता, सकाळचे नऊ वाजले होते, आणि श्याम यायच्या आधी त्या सकाळी मी बाल्कनीत पाऊल टाकलेलं मला आठवत नव्हतं. पण माझी नजर वर गेली.

दोरीवर दोन लाल चिमटे होते. शेजारी शेजारी, नीट लावलेले.

“नको,” मी म्हटलं. “पाणी घालून झालंय.”

“कधी घातलंस?”

“ते मला विचारू नकोस. चिमट्यांना विचार.”

श्यामने कुंडी हातावर तोलून बघितली. मग माझ्याकडे न बघता हळूच खाली ठेवली.

“जड आहे,” तो म्हणाला.